आत बघायला निघालेला पाद्र्याचा मुलगा



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

प्रसंग आपल्याला माहीत आहे. अर्जुन म्हणतो, देवा, तुझं खरं रूप मला बघायचंय. भगवंत सांगतात, या तुझ्या डोळ्यांनी ते दिसणार नाही, मी तुला दिव्य चक्षू देतो. आपण इथे खूश होतो. वाटतं, अर्जुनाचं नशीब बघा! पण याच अध्यायात पुढे जाऊन पाहा. दर्शन झाल्यावर अर्जुन थरथर कापतोय. आजवर ज्याला नुसता मित्र समजून हाका मारल्या, त्याची क्षमा मागतोय. आणि शेवटी विनवतोय की देवा, हे आवर, तुझं ते नेहमीचं सौम्य रूपच पुन्हा दाखव.

म्हणजे आतलं दिसावं असं मागणं सोपं, ते सोसणं अवघड. आणि सोसून पुन्हा रथावर बसणं, हातातलं काम करणं, हे तर त्याहून अवघड.

आज श्लोकाचा पदच्छेद करत नाही. त्याऐवजी एका माणसाचं आयुष्य सांगतो. तो आपल्या अर्थाने भक्त नव्हता, हिंदूही नव्हता. पेशाने मनोविकारांचा डॉक्टर. पण आत बघण्याची किंमत काय असते हे त्याच्याइतकं मोकळेपणाने क्वचितच कुणी लिहून ठेवलं असेल. नाव कार्ल गुस्ताव युंग.

बाबांचं पुस्तक आणि मुलाचा देव

कार्लचा जन्म २६ जुलै १८७५ चा, स्वित्झर्लंडमधल्या केसविल या गावचा. वडील पॉल युंग प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री. आईचे वडील हिब्रू भाषेचे जाणकार आणि बाझेलमधले मोठे धर्माधिकारी. मामा-काकांतही पाद्रीच पाद्री. थोडक्यात, आपल्याकडे एखादा मुलगा कीर्तनकारांच्या नाहीतर भिक्षुकांच्या घरात जन्मावा तसं. धर्मग्रंथ घरात, जेवणाच्या टेबलावर, झोपण्याआधीच्या प्रार्थनेत.

मुलगा एकलकोंडा होता. साधारण दहा वर्षांचा असताना त्याने लाकडी पट्टीच्या टोकाला एक छोटा माणूस कोरला, त्याला काळा कोट रंगवला आणि कंपासपेटीत एका गुळगुळीत दगडासोबत झोपवला. ती पेटी माळ्यावरच्या तुळईवर लपवून ठेवली. मन बिथरलं की गुपचूप वर जायचं आणि त्याला बघून यायचं. आपण असं का करतो हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण बघून आलं की मन शांत व्हायचं.

मग बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. बाझेलच्या चौकात ऊन पडलेलं, कॅथेड्रलचं नवं छप्पर चमकतंय, निळं आकाश. कार्लच्या मनात आलं, किती सुंदर! आणि या सगळ्याच्या वर देव सिंहासनावर बसलाय. तेवढ्यात त्याला जाणवलं की यापुढचा विचार भयंकर आहे, तो आला तर आपण महापापी ठरू. दोन-तीन दिवस त्या मुलाने तो विचार अडवून धरला. झोप उडाली. अंथरुणात तळमळताना तो बायबलच्या पहिल्या गोष्टीपर्यंत पोचला. आदाम आणि हव्वा यांना देवानेच निर्माण केलं, बागेत साप ठेवणाराही तोच. मग त्यांच्या हातून जे घडलं ते देवाच्या योजनेबाहेरचं कसं असेल? आणि मलाही हा विचार देवच करायला लावत असेल तर?

शेवटी त्याने जीव मुठीत धरला आणि विचार येऊ दिला. त्याला दिसलं की सिंहासनाखालून देवाची विष्ठा पडली आणि त्या चकचकीत छपराचा चुराडा झाला.

वाचताना आपल्यालाही अवघडतं ना? पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. शिक्षेऐवजी त्याला अपार हलकं वाटलं, कृपा झाल्यासारखं. तो रडला. देव माणसांच्या सुबक कल्पनांपेक्षा मोठा आहे आणि तो त्या मोडूही शकतो, हे त्या वयात त्याला कळलं. पण सांगायचं कुणाला? बाबांना तर नक्कीच नाही.

ख्रिस्ती घरात मुलाची श्रद्धा पक्की करणारा दृढीकरणाचा विधी असतो. त्याची शिकवणी वडीलच घेत होते. धडे कंटाळवाणे होते, पण कार्ल एका धड्याची वाट बघत होता. त्रैक्याचा धडा, म्हणजे एकच देव तीन रूपांत कसा. तो धडा आला आणि वडिलांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की यातलं मलाच काही समजत नाही, आपण पुढे जाऊ. मुलाला त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, पण आत काहीतरी तुटलं. पुढे पहिल्या प्रभुभोजनाचा दिवस उजाडला. भाकर खाल्ली, द्राक्षारस प्याला. आणि काहीच झालं नाही. विधी नीट पार पडला होता, फक्त त्यात देव भेटला नाही.

मंडळी, इथे क्षणभर थांबूया. रोजचा हरिपाठ, रोजचं पारायण, स्टेटसवर रोजचा श्लोक, आणि आत मात्र शुकशुकाट. ही अवस्था आपल्यालाही अनोळखी नाही. पॉल युंग वाईट माणूस नव्हते. ते श्रद्धा गमावलेले पाद्री होते, आणि त्यांना ते कुणाला सांगता येत नव्हतं. मुलाच्या मते त्यांची शोकांतिका अशी की त्यांनी पुस्तकातल्या देवावर विश्वास ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला, पण स्वतःच्या आत त्याला भेटायचं धाडस केलं नाही. १८९६ मध्ये ते वारले. कार्ल तेव्हा वीस वर्षांचा, वैद्यकीचा विद्यार्थी.

वेड्यांच्या बोलण्यात अर्थ असतो

डिसेंबर १९०० मध्ये युंग झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात रुजू झाले. प्रमुख होते ऑयगेन ब्लॉयलर. रुग्ण भ्रमात काय बोलतो याकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष देत नसे. युंग मात्र बसून ऐकत. शब्द ऐकल्यावर रुग्णाला पहिलं काय सुचतं आणि किती वेळात, हे ते मोजत. एखाद्या शब्दावर माणूस अडखळतो, कारण तिथे आत काहीतरी गाठ असते. आज आपण सहज न्यूनगंड, अहंगंड म्हणतो. त्यातली ‘गंड’ ही कल्पना रूढ करण्यात या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

१९०७ मध्ये ते व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइडना भेटले. पहिल्याच भेटीत म्हणे तेरा तास गप्पा चालल्या. फ्रॉइडना त्यांच्यात आपला वारस दिसला. १९१० मध्ये मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्षही युंगच झाले. पण फ्रॉइडच्या लेखी धर्म म्हणजे दडपलेल्या इच्छांचा खेळ. युंगना ते पटेना. त्यांना वाटे, नेणिवेच्या तळाशी माणसाच्या खाजगी आठवणींखाली आणखी एक थर आहे, सगळ्या मानवजातीचा सामायिक. पुराणकथा, देवता, स्वप्नं तिथूनच येतात. १९१३ मध्ये मैत्री तुटली. वय ३८. गुरूसमान माणूस गेला, सहकारी दुरावले, आणि आता कुठे उभं राहायचं हे त्यांनाच कळेना.

उतरणं

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वेने जाताना युंगना जागेपणी एक दृश्य दिसलं. उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंतचा सगळा प्रदेश महापुराखाली गेलाय, पिवळ्या लाटा उसळताहेत, असंख्य प्रेतं तरंगताहेत, आणि मग तो सगळा समुद्र रक्ताचा झालाय. हे जवळजवळ तासभर चाललं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे त्यांनी स्वतःचं निदान केलं की आपल्याला वेड लागतंय.

पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस ते व्याख्यानासाठी स्कॉटलंडला गेले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पहिलं महायुद्ध पेटलं. आपल्याला दिसलं ते केवळ आपलंच नव्हतं, असं त्यांना तेव्हा वाटलं.

पण त्याआधीच त्यांनी एक निर्णय घेतला होता. १२ डिसेंबर १९१३. टेबलाशी बसून त्यांनी स्वतःला आत कोसळू दिलं. जमीन दुभंगावी तसं वाटलं. अंधार, गुहा, पाण्यात वाहणारं प्रेत, लाल सूर्य, रक्ताचा फवारा. पुढच्या दिवसांत माणसं भेटू लागली. बायबलमधला संदेष्टा एलीया भेटला, त्याच्याबरोबर आंधळी सालोमे आणि एक काळा साप. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेला ग्रंथ आता आतून बोलत होता. ज्या पुस्तकात वडिलांना देव सापडला नाही, त्यातलीच पात्रं मुलाशी वाद घालायला आली होती!

मग फिलेमॉन आला. शिंगं असलेला म्हातारा, हातात चार किल्ल्या, पाठीवर खंड्या पक्ष्याचे पंख. युंगनी त्याचं चित्र काढायला घेतलं, आणि त्याच दिवसांत त्यांना बागेत मेलेला खंड्या सापडला. झुरिचच्या परिसरात हा पक्षी दुर्मीळ. ते चक्रावले. फिलेमॉनबरोबर ते बागेत फेऱ्या मारत बोलत असत. त्याच्याकडून ते एक गोष्ट शिकले. मनात येणारे विचार आपण तयार करतो असं आपण समजतो, पण जंगलातले प्राणी जसे आपण बनवलेले नसतात, तसेच विचारही आपल्या मालकीचे नसतात. गीतेतलं क्षेत्र-क्षेत्रज्ञ प्रकरण वाचलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी गांधीजींच्या परिचयातले एक वृद्ध, सुसंस्कृत भारतीय त्यांना भेटायला आले. गुरू-शिष्य नात्यावर बोलणं निघालं. युंगनी विचारलं, तुमचे गुरू कोण? त्यांनी अगदी सहज सांगितलं, शंकराचार्य. म्हणजे ते भाष्यकार, शेकडो वर्षांपूर्वीचे? हो, तेच. देहात नसलेले गुरूही असतात, हे त्या गृहस्थांना मुळीच विचित्र वाटत नव्हतं. युंगना फिलेमॉन आठवला आणि हायसं वाटलं. आपल्याला तर यात नवल नाहीच. तुकोबांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला आणि बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा, तोही स्वप्नातच. जे युरोपात वेडाचं लक्षण ठरलं असतं, त्याला आपल्याकडे कृपा हे नाव आधीपासून होतं.

वेडा का झाला नाही?

मला या आयुष्यातला सगळ्यात कामाचा भाग हा वाटतो. इतकं सगळं दिसत असताना हा माणूस बुडाला कसा नाही?

एक, तो रोजचं काम करत राहिला. दिवसा रुग्ण, जेवणाला बायको एमा आणि पाच मुलं, आणि आतलं काम त्यानंतर. आपण डॉक्टर आहोत, अमुक पत्त्यावर राहतो, आपल्याला कुटुंब आहे, हे ते स्वतःला बजावत. नीत्शेजवळ आतल्या विचारांशिवाय दुसरी जमीन नव्हती म्हणून तो उडून गेला, असं त्यांचं मत होतं.

दोन, दिसलं ते त्यांनी लिहून काढलं. आधी काळ्या वह्यांत, मग लाल चामड्याने बांधलेल्या मोठ्या ग्रंथात, सुंदर अक्षरांत आणि चित्रांसह. हे काम जवळजवळ सोळा वर्षं चाललं. ते पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, ते आलं थेट २००९ मध्ये. शेवटी १९५९ साली त्यांनी त्यात आणखी थोडं लिहायला घेतलं आणि वाक्य अर्धवटच राहिलं.

तीन, ते हात चालवत. दुपारी जेवण झालं की तळ्याकाठी दगड वेचून लहान मुलासारखी छोटी घरं, छोटं चर्च बांधत. भावना फारच उसळल्या तर योगातले काही अभ्यास करत, पण मन शांत होईपर्यंतच. शांत झालं की पुन्हा आत.

चार, जे दिसलं त्याला ते चटकन ‘मी’ म्हणाले नाहीत. हे फार महत्त्वाचं! देव दिसला म्हणून मीच देव, असं वाटणं हा त्यांच्या मते सगळ्यात मोठा धोका.

युद्धकाळात सैनिकी कामावर असताना ते रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार चित्र काढत. मन विस्कटलेलं असलं की चित्रही विस्कटायचं. हळूहळू लक्षात आलं की सगळ्या वाटा एका केंद्राकडे जाताहेत, आणि ते केंद्र म्हणजे आपला रोजचा ‘मी’ नाही. या चित्रांना त्यांनी आपलाच शब्द दिला, मंडल. त्या केंद्राला नाव देताना उपनिषदांतला आत्मा त्यांच्यासमोर होता. १९२१ च्या ग्रंथात त्यांनी ब्रह्म आणि आत्मा यांवर बरंच लिहिलं आहे.

भारतात आले, आणि परत गेले

१९३७ च्या डिसेंबरात सायन्स काँग्रेसच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त ते सरकारी निमंत्रणावरून भारतात आले. सांचीच्या स्तूपाने ते भारावले. पण साधुसंतांना भेटायचं त्यांनी मुद्दाम टाळलं. रमण महर्षींबद्दल आदर होता, पुढे त्यांच्याविषयीच्या एका पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली, पण तिरुवन्नामलैला गेले नाहीत. दुसऱ्याने मिळवलेलं सत्य घेणं म्हणजे त्यांना चोरी वाटे.

कलकत्त्यात पोट बिघडून ते दहा दिवस रुग्णालयात होते. नंतर स्वप्न पडलं. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं बेट, ख्रिस्ती कथांमधला पवित्र प्याला आणायचाय, वाटेत पाणी आहे, पूल नाही, नाव नाही. एकट्यालाच पोहून जायचंय. भारतात बसून त्यांना स्वप्न पडलं ते त्यांच्या स्वतःच्या परंपरेचं! गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला स्वधर्म आठवतो ना?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की युंग आणि आपलं शास्त्र सगळीकडे जुळत नाही. ‘मी’ पूर्ण विरून गेल्यावरही शुद्ध जाणीव उरते हे त्यांना कधी मान्य झालं नाही. पाहणारा कुणी नसेल तर पाहणं कसलं, असा त्यांचा प्रश्न. वेदान्त तिथे साक्षी म्हणतो आणि पुढे जातो. युंग उंबरठ्यावर थांबले.

आणि ते संतही नव्हते. सहकारी टोनी वुल्फ यांच्याशी त्यांचं दीर्घकाळ नातं होतं आणि एमाने ते सोसलं. नाझी काळात जर्मनीशी जोडलेल्या मानसोपचार संस्थेचं अध्यक्षपद घेतल्याबद्दल आणि ज्यूंविषयीच्या काही लिखाणाबद्दल त्यांच्यावर झालेली टीका आजही पुसली गेलेली नाही. माणसाच्या आत त्याने नाकारलेली एक सावली असते, हे जगाला शिकवणाऱ्याची स्वतःचीही सावली होती. आतलं दिसलं म्हणजे आतलं सगळं सुधारलं असं नाही. हे आपण साधकांनी विसरू नये.

ईयोबाला दिलेलं उत्तर

१९४४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यात ते मृत्यूच्या दारापर्यंत गेले. त्या अवस्थेत त्यांना दिसलं की आपण अंतराळात खूप उंचावर आहोत आणि खाली निळी पृथ्वी, पायाशी श्रीलंका, पलीकडे भारत. शिळेत कोरलेलं मंदिर, दाराशी पद्मासनात बसलेला एक हिंदू पुरुष त्यांची वाट बघतोय. आत जाणार तेवढ्यात त्यांच्या डॉक्टरांची आकृती खालून आली आणि परत फिरावं लागलं. परतणं त्यांना मुळीच आवडलं नाही.

पण त्या परतण्यानंतर त्यांनी खूप लिहिलं. १९५२ मध्ये बायबलमधल्या ईयोबावरचं पुस्तक आलं. ईयोब नीतिमान आहे, तरी देव त्याचं सगळं हिरावू देतो. का? वडिलांनी जो अवघड धडा गाळून पुढचं पान उलटलं होतं, तसल्याच अवघड धड्यापाशी मुलगा सत्तरी ओलांडल्यावर मुद्दाम जाऊन बसला. देवाशी भांडला, रागावला, पण पान उलटलं नाही. धर्मपंडित चिडले. युंगना मात्र हे पुस्तक मनापासून लिहिल्याचं समाधान होतं.

१९५९ मध्ये बीबीसीवर त्यांना विचारलं गेलं, देवावर विश्वास आहे का? त्यांच्या उत्तराचा आशय असा की विश्वासाची गरज उरलेली नाही, ते जाणतात. ६ जून १९६१ रोजी क्युस्नाख्तच्या घरी, तळ्याकाठी, ८५ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्या घराच्या दारावर त्यांनी लॅटिन भाषेत कोरून घेतलं होतं की बोलवा अथवा न बोलवा, देव हजर असणारच.

आजचं चिंतन

अर्जुनाला दिव्य चक्षू मिळाले ते रणांगणावर, आणि दर्शन झाल्यावर तो कुठे गुहेत गेला नाही, धनुष्य उचलून तिथेच लढला. युंगही उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण तपासायला बसले. जे दर्शन आपल्याला कामावर, घरातल्या माणसांकडे परत आणत नाही, त्याच्याकडे थोडं सावधपणेच बघावं. कुणाला खरोखर भीतिदायक काही दिसत असेल, ऐकू येत असेल, तर एकट्याने साधना वाढवू नका. घरच्यांना सांगा आणि चांगल्या डॉक्टरांना भेटा. युंग स्वतः डॉक्टर होते हे लक्षात ठेवा.

आणि अकराव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत काय सांगतात? हे रूप वेदांनी, तपाने, दानाने दिसत नाही, अनन्य भक्तीने दिसतं. म्हणजे चक्षू आपण कमवत नाही, तो दिला जातो. आपल्या हातात असतं ते न पळणं. पॉल युंग यांनी ग्रंथ आयुष्यभर हातात धरला, पण जिथे तो टोचला तिथे पान उलटलं. आपण निदान तिथे थांबू शकतो.

आजचा अभ्यास छोटासा. जो ग्रंथ रोज वाचता, त्यातली जी ओवी किंवा श्लोक तुम्ही नेहमी भरभर वाचून पुढे जाता, ती आज शोधा. समजत नाही म्हणून, पटत नाही म्हणून, की ती आपल्याबद्दलच बोलते म्हणून? पाच मिनिटं तिथेच बसा. जे मनात येईल ते वहीत लिहा, मोबाइलवर नको. कुणाला दाखवू नका. आणि मग उठून भांडी घासा, नाहीतर ऑफिसचा मेल पाठवा.

उद्या श्लोक ९, संजयाच्या डोळ्यांनी.

रामकृष्णहरी!